डावीकडची बाई

१

चौकट होती, काच होती, मागचा पुठ्ठाही होता. फक्त माणसं नव्हती.

बाबांच्या दुकानातल्या कटिंग टेबलावर फ्रेम पालथी पडलेली दिसली. मी ती सरळ केली आणि काचेतून पुठ्ठ्याचा पिवळट चौकोन माझ्याकडे बघायला लागला. मध्ये उभे आजोबा, एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला आजीची धाकटी बहीण. तिघंही गायब.

"ठमीने खाल्ला असेल," माझा भाऊ म्हणाला. ठमी म्हणजे माझी लेक. ती माझ्या कडेवर बसून एक भलंमोठं लाकडी रीळ चघळत होती.

"दादा, पुठ्ठ्याला आठ खिळे होते. आठ महिन्यांच्या मुलीला खिळे उपसता येतात?"

खिळे म्हटल्यावर माझ्याच काळजात चर्र झालं. ठमी रांगते आणि जे सापडेल ते तोंडात घालते. मी आधी गुडघ्यांवर बसून सगळी फरशी चाचपली. एकही खिळा नव्हता. पुठ्ठ्याच्या कडेची कागदी पट्टी मात्र कुणीतरी पात्याने सरळ रेघेत कापली होती.

हा फोटो म्हणजे आमच्या घरात आजीचं जे काही उरलंय ते सगळं. बाबा पालथेही पडत नव्हते तेव्हा ती गेली. बाबांनी आपल्या आईला पाहिलं ते याच फोटोत.

ठमी झाल्यापासून मी घराण्याचा इतिहास लिहायला घेतलाय. घराणं वगैरे मोठा शब्द झाला. तीन पिढ्या टेलर, एवढंच आमचं घराणं. पण ठमीने उद्या विचारलं, मी कुणासारखी दिसते, तर मला सांगता यायला हवं. कामाला सुरुवात करताना मी चार नियम स्वतःला घालून घेतले. सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करायची. हातात एखादी वस्तू देऊन मग विचारायचं. फोटोवर पेन चालवायचं नाही. आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर आपण न्यायाधीश व्हायचं नाही, दोन्ही लिहून ठेवायचं.

म्हणून मी ठमीला घेऊन बाबांकडे राहायला आले होते, मोठ्या आत्यालाही बोलावून घेतलं होतं. आणि काल रात्री जेवताना मीच उत्साहाने जाहीर केलं होतं, "उद्या संध्याकाळी हा फोटो स्टुडिओत देते. आजीचा चेहरा वेगळा काढून मोठा करू. पहिलं पान तिचं!"

आज दुपारी फोटो नाहीसा झाला.

दुकान जेवणासाठी बंद होतं, शटरला आतून कडी. मागच्या दोन खोल्यांत आम्ही पाचच मोठी माणसं. एक मी. म्हणजे उरले चार.

"बाबा, तुमचा फोटो गेला!" मी ओरडले.

बाबा मशीनवर बसून एका सदऱ्याची बाही जोडत होते. त्यांचा पाय थांबला नाही. "मिळेल गं," ते म्हणाले. "घरातली वस्तू घराबाहेर कशाला जाईल?"

२

वहिनीला प्रश्न विचारायचे म्हणजे तिच्या मागे मागे फिरावं लागतं. तिच्या हातात कायम फडकं असतं. दादा म्हणतो, लग्नातसुद्धा तिने माझ्या हातातला हार आधी झटकला आणि मग घालून घेतला.

ठमीला मांडीवर थोपटत मी ओट्याजवळ बसले. "वहिनी, जेवणानंतर दुकानात कोण कोण गेलं होतं?"

"माझ्यावर संशय आहे का?"

"सगळ्यांवर आहे. माझ्यावर नाही, कारण मी ठमीला झोपवत होते."

"तुझी साक्षीदार पण बरी, तिला बोलता येत नाही." वहिनी हसली, पण तिचा हात थांबला. "हे बघ, त्या फोटोचा मला वैताग होता, खोटं कशाला बोलू? रोज सकाळी काच लख्ख पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा बोटाचा ठसा. रोज. आणि तोही एकाच जागी."

"कुठे?"

"त्या उजवीकडच्या बाईच्या तोंडावर. बरोबर गालाशी. मी यांना म्हटलं, तेलकट बोटं लावता का हो? तर म्हणे, मी काय त्या मावशीआजीचे गालगुच्चे घेऊ?"

उजवीकडची म्हणजे आजीची बहीण. आत्यानेच तसं सांगितलंय, माझ्या फोनमध्ये तिच्या आवाजात आहे: "डावीकडची आई, उजवीकडची मावशी." मावशी लवकरच लग्न होऊन लांब गेली आणि तिकडेच वारली. तिच्याबद्दल घरात कुणी काही बोलत नाही.

वहिनीने आवाज खाली आणला. "मला विचारशील तर त्या मावशीचं काहीतरी होतं. दोघी बहिणी इतक्या सारख्या दिसतात, एकाच कापडाचे कपडे घातलेत, आणि मधे तुझे आजोबा. त्यांना कोण जास्त आवडायची, कुणी सांगावं? आता तू सगळं खणायला लागलीस. कुणाला तरी नको असेल."

 इतिहास लिहायला निघाले तेव्हा असलं काही निघेल हे मनातही नव्हतं.

"आणि बाबांना तर आज काय झालंय कोण जाणे," ती पुन्हा पुसायला लागली. "दुकानातलं वरचं फडताळ पुसायला गेले तर अंगावर आले. तिथे हात लावू नकोस म्हणाले. असं कधी बोलत नाहीत गं ते."

मी पुढे विचारणार, एवढ्यात मागच्या दाराचा आवाज झाला. दादा एक फुगलेली पिशवी पाठीवर टाकून हळूच बाहेर सटकत होता.

३

"थांब!"

दादा गल्लीच्या तोंडाशी थबकला. कडेवर ठमी, पायात दोन वेगवेगळ्या चपला, अशी मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"पिशवीत काय आहे?"

"मुडदा," तो म्हणाला. "हळू बोल, लोक ऐकतील."

"दादा, उघड."

त्याने पिशवी रस्त्यावरच पालथी केली. चिंध्या. कापडाचे तुकडे, दोऱ्यांचे गुंते, फाटक्या कॉलरी. ठमीने आनंदाने हात पसरले. मी एकेक चिंधी उचलून बघितली. येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते.

"झालं समाधान?" दादाचा चेहरा आता उतरला होता. "तुला वाटतं मी तो फेकला असेन? मी दुकान बंद करा म्हणतो म्हणून?"

ते खरंच होतं. तो बाबांच्या मागे लागलाय, डोळे साथ देत नाहीत, आता पुरे करा, आमच्यासोबत नव्या घरात चला. जुनं सामान तिथे मावणार नाही.

"मी मशीन विका म्हणालो असेन," तो चिंध्या भरत म्हणाला. "पण तो फोटो? अगं, बाबा दुकान उघडायच्या आधी रोज त्याच्यासमोर उभे राहतात. पाठमोरे असतात, काय करतात दिसत नाही. मी लहानपणी त्या वेळी खोकलासुद्धा दाबून धरायचो. त्या फोटोला हात लावायची माझी काय बिशाद!"

 मी त्याला पिशवी भरायला मदत केली.

"आत्याला विचारलंस?" तो न बघता म्हणाला. "जेवणानंतर मी पाणी प्यायला उठलो, तर ती दुकानातून येत होती. मला बघून दचकली. म्हणाली, औषध शोधत होते. दुकानात कुणी औषध ठेवतं का?"

४

आत्या आतल्या खोलीत पिशवी भरून तयार बसली होती. तिचा मुलगा संध्याकाळी न्यायला येणार होता. आत्या आमच्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस. आपल्या आईला प्रत्यक्ष पाहिलेली जगात आता ती एकटीच, आणि हे ती कुणाला विसरू देत नाही.

"आत्या, दुपारी दुकानात गेली होतीस?"

"मी? मी कशाला जाऊ? मी तर त्या टेबलाकडे फिरकलेसुद्धा नाही."

मी तिचा हात हातात घेतला आणि कोपर उजेडाकडे वळवलं. बाहीवर निळ्या खडूचा पट्टा होता. कापडावर रेघा मारायचा खडू. सकाळपासून बाबांनी कटिंग टेबलावर त्याच खडूने निळी आखणी करून ठेवली होती.

"मी दुकानाचं विचारलं होतं," मी म्हणाले. "टेबलाचं तूच बोललीस."

आत्याने हात ओढून घेतला. मग ठमीने तिची करंगळी पकडली, तेव्हा तिला तो सोडवून घेता येईना.

"तुझ्या बापाने तुला पोरगी म्हणून वाढवलं की पोलीस म्हणून?"

"फोटो कुठाय, आत्या?"

"मला माहीत नाही." आणि मग एकदम खाली मान घालून, "घेणार होते. खरंच घेणार होते. तू ठमीला झोपवतेस ती वेळ साधून गेले. पण फ्रेम उचलली तर आत काही नाही. मला वाटलं, तूच काढून घेतलास स्टुडिओत द्यायला. मग मी ती पालथी घातली. बारक्याला रिकामी दिसायला नको."

सत्तरीच्या माणसाला बारक्या म्हणणारंही आता तीच एक.

"पण तू का घेणार होतीस?"

"ते विचारू नकोस."

"आजीबद्दल काही आहे का? मावशीबद्दल? बाबा नक्की कुणाचे—"

"गप्प बस!" आत्या कडाडली. ठमीने ओठ काढले. आत्याने तिला घाईने छातीशी घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "असलं काही मनात आणशील तर खबरदार. सगळं सरळ आहे. बारक्याने स्टुडिओतून हा फोटो आणला तेव्हा मी सासरहून आले होते. त्याने मला विचारलं, ताई, आई डावीकडचीच ना? मी सांगितलं, हो, डावीकडचीच. तेव्हा सांगितलं, तुझ्या फोनमध्ये सांगितलं, आताही तेच सांगते. तू लिहून घे आणि तो फोटो सापडला नाही तर शोधू नकोस."

"बाबांचा एकुलता एक फोटो आहे तो!"

"म्हणूनच," आत्या म्हणाली. "त्याच्यासाठीच सांगतेय."

५

दुकान उघडलं होतं. एक जाडंसं गिऱ्हाईक नवा सदरा घालून आरशासमोर उभं होतं. आमच्या दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा आहे, ट्रायलसाठी.

"मास्तर, पोटावर जरा सैल करा."

"पोटाला सांगा जरा घट्ट व्हायला," बाबा तोंडात टाचण्या धरून म्हणाले.

मी स्टुलावर बसून ठमीला आरशातलं बाळ दाखवत होते. गिऱ्हाइकाने खिशात पेन खोचलं. आरशातल्या माणसाने ते दुसऱ्याच बाजूला खोचलं. रोजचीच गोष्ट. पण माझे हात ठमीच्या पोटावर तसेच राहिले.

सकाळी मी ठमीचा एक फोटो काढला होता. ती कटिंग टेबलावर बसून मापाची टेप चावत होती आणि मागे टेकवून ठेवलेली आजोबांची फ्रेम अर्धवट त्यात आली होती. मी तो फोनवर मोठा केला. चेहरे पुसट, नुसते ठिपके. पण आजोबांच्या अंगातला पांढरा सदरा दिसत होता. आणि खिसा. खिशात काळं पेन.

खिसा आजोबांच्या उजव्या छातीवर होता.

पुरुषांच्या सदऱ्याचा खिसा डावीकडे असतो. मी तिसऱ्या पिढीतल्या टेलरची मुलगी आहे. आणि आजोबा स्वतःचा सदरा स्वतः शिवत. आयुष्यात एकदा फोटोला उभं राहायचं आणि खिसा भलत्या बाजूला लावायचा, हे त्यांच्या हातून होणं शक्य नाही. सदरा चुकलेला नव्हता. फोटो उलटा होता.

बाबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मूळ फोटो ते तान्हे असतानाच छप्पर गळून भिजला, त्यात त्यांची आई डावीकडे उभी होती एवढं त्यांना आत्याकडून ठाऊक होतं. बऱ्याच वर्षांनी स्टुडिओत त्याची काचेची निगेटिव्ह सापडली, तिच्यावरून हा नवा काढून आणला. काच कुणीतरी पालथी धरली असणार. मूळ फोटोत जी डावीकडे होती ती या फोटोत उजवीकडे गेली होती.

लहानपणी आत्याने बारक्याला खरंच सांगितलं होतं, आई डावीकडची. पण या फोटोतली डावीकडची बाई आमची आजी नव्हती. ती मावशी होती.

आत्याला हे पहिल्या नजरेत कळलं असणार. तिने आईला पाहिलं होतं. पण भाऊ एवढ्या आनंदाने फोटो घेऊन समोर उभा, आई डावीकडचीच ना म्हणून विचारतोय. त्याला आई भेटल्याच्या दिवशीच, अरे ही नव्हे, असं कसं म्हणायचं? ती हो म्हणाली आणि आयुष्यभर त्या एका हो वर पहारा देत बसली. आता मी चेहरा मोठा करायला निघाले. स्टुडिओवाल्याने खिसा बघितला असता आणि सगळं बाहेर आलं असतं.

म्हणजे चोरीचं कारण सापडलं. पण चोर नाही. आत्याच्या आधी तिथे कोण पोचलं?

"उतरवा सदरा," बाबा गिऱ्हाइकाला म्हणाले आणि सवयीने दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवलं. ठमी आल्यापासून हे त्यांचं वाढलेलं काम. एखादी टाचणी राहिली असेल तर तिच्या हाती लागायला नको. चुंबक त्यांनी खुंटीला अडकवलं. त्याला टाचण्यांची झालर लागली होती.

मी ठमीला घेऊन जवळ गेले. टाचण्यांमध्ये आखूड, गंजके, वाकडे खिळे होते. मोजले. आठ. फ्रेमचेच.

चोराने फोटो काढताना रांगणाऱ्या पोरीची काळजी घेतली होती.

मग एकेक गोष्ट ओळीने उभी राहिली. पट्टी सरळ रेघेत कापणारा हात. वरच्या फडताळाला हात लावू न देणं. आणि ज्याची एकुलती एक वस्तू गेली, त्याचा मशीनवरचा पायही न थांबणं. आणि वहिनी रोज पुसत होती तो ठसा, उजवीकडच्या बाईच्या गालावरचा.

बाबांना माहीत होतं. चाळीस वर्षं सदरे शिवणाऱ्या माणसाला खिसा कुठे असतो ते मी सांगायला हवं होतं होय? ते रोज सकाळी योग्य बाईपाशीच उभे राहत होते.

मग त्यांनी फोटो लपवला कुणापासून?

माझ्या नियमांमध्ये होतं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर काय करायचं. दोघंही एकच सांगतात, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत आहे, तेव्हा काय करायचं, याला नियम नव्हता.

६

आत्याचा मुलगा येईपर्यंतच वेळ होता. ती गेली की दोघं आपापलं खोटं घेऊन दोन घरांत बसणार, आणि ठमीच्या पहिल्या पानावर भलतीच बाई येणार. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळ्यांना दुकानात बोलावलं.

स्टुलावर चढून मी वरच्या फडताळातून बक्रमचा गठ्ठा खाली काढला. कॉलरीत घालायचं ते कडक कापड. त्याचे ताव नेहमी सपाट ठेवतात, घडी पडू देत नाहीत. टेलरला एखादा फोटो जपून ठेवायचा तर यापेक्षा चांगली जागा नाही. दोन तावांच्या मधून आजोबा, आजी आणि मावशी जशीच्या तशी बाहेर आली.

"बाबा!" दादा म्हणाला.

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "बारक्या, तू घेतलास?"

"मी काही विचारणार नाही," मी म्हणाले. "फक्त पहिल्या पानासाठी एकदाच. दोघांनी एकदम बोट ठेवायचं. आजी कुठली?"

दोन सुरकुतलेली बोटं एकदम पुढे आली आणि डावीकडच्या बाईवर एकमेकांना लागली. फोटोकडे दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं. आत्या बाबांच्या तोंडाकडे बघत होती, बाबा आत्याच्या.

मी फोटो उचलला, ट्रायलच्या आरशासमोर धरला आणि बाजूला झाले.

आरशात आजोबांचा खिसा डाव्या छातीवर गेला. बटणांची काजं योग्य बाजूला आली. आणि आजी चालत आल्यासारखी आपल्या जागी आली.

"आता सांगा," मी म्हणाले.

दोघंही आरशाकडे वाकले. मग दोघांच्याही तोंडून एकदमच आलं, "डावीकडची."

आत्या गर्रकन वळली. "तुला ठाऊक होतं?"

"ज्या दिवशी आणला त्याच दिवशी. खिसा बघितला ना गं. म्हणून तर तुला विचारलं, डावीकडचीच ना? खात्री करून घ्यायला. आणि तू म्हणालीस हो." बाबांचा आवाज एवढासा झाला. "मला वाटलं, ताई आईचा चेहरा विसरली. सगळ्यांना सांगत फिरते, मी पाहिलंय तिला, मी पाहिलंय. तुझ्याकडे तेवढंच होतं. ते मी कसं काढून घेऊ? आता ही स्टुडिओत जाणार, तो माणूस चारचौघांत म्हणणार, आजी ती नव्हे. तुझं तोंड एवढंसं झालं असतं."

"विसरेन मी? माझी वेणी घालायची ती. दुखेल इतकी घट्ट. इथे, भुवईजवळ तीळ होता. विसरेन?" आत्याने डोळ्यांना बाही लावली आणि निळा खडू गालाला लागला. "तुला आई सापडली म्हणून नाचत होतास, गाढवा. मी काय सांगणार होते?"

"मी नाचत नव्हतो."

"नाचत होतास."

"बरं, नाचत होतो."

दादाने तोंड फिरवून चिंध्यांच्या रिकाम्या पिशवीची घडी घालायला घेतली. ती घडी होता होईना.

बाबा आरशाजवळ गेले. आज पहिल्यांदाच कुणाच्या देखत त्यांनी बोट पुढे केलं आणि आरशातल्या डावीकडच्या बाईच्या गालावर टेकवलं. त्यांच्या शेजारी आत्याने टेकवलं. ठमीला मागे राहणं मान्य नव्हतं. माझ्या कडेवरून ती वाकली आणि लाळेने भरलेला अख्खा पंजा तिने आपल्या पणजीच्या तोंडावर थाप्पकन मारला.

फोटो पुन्हा फ्रेममध्ये गेला, उलटा आहे तसाच. पहिल्या पानावर मात्र स्टुडिओतून सुलटा करून आणलेला आजीचा चेहरा आहे, भुवईजवळच्या तिळासकट. ठमीलाही तिथेच एक आहे. तो काजळाचा डाग समजून मी कितीदा पुसायला गेले होते.

आरशावरचे ते तीन ठसे अजून आहेत. वहिनी रोज आरसा पुसते, त्यांच्या भोवतीने.